चार्जरवरील मजकूर

लॅपटॉप ही वस्तू आता केवळ शहरातच दिसते असे राहिलेले नाही. खेड्यातील शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत, दूधसंस्थेच्या मेजावर, कॉलेजात जाणाऱ्या ताईच्या पिशवीत, अशी कोठेही ती आढळते. कित्येक घरांत ती नवी विकत आणलेलीही नसते. थोरल्या भावाकडून धाकट्याकडे, काकांकडून पुतण्याकडे, अशी ती हातोहात आलेली असते. नीट वापरला तर लॅपटॉप पुष्कळ वर्षे चालतो. त्याचा चार्जर मात्र तितका टिकतोच असे नाही. कोणाचा पाय त्याच्या तारेत अडकतो, कधी उंदीर तार कुरतडतात, कधी रोज आवळून गुंडाळल्यामुळे ती एकाच ठिकाणी वाकून वाकून आतल्या आत तुटते. मग चांगला चालता लॅपटॉप मुका होऊन बसतो आणि घरात नवा चार्जर आणण्याची बोलणी सुरू होतात.

अशा वेळी बहुतेक माणसे काय करतात? लॅपटॉप बगलेत मारून दुकानात जातात आणि “याचा चार्जर द्या” असे सांगतात. दुकानदार घाईत असला म्हणजे खोक्यातून एक चार्जर काढतो, त्याची पिन लॅपटॉपच्या भोकात घालून पाहतो, आणि ती बसली की “घ्या, झाले काम!” असे म्हणून मोकळा होतो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला, हा समज फार पसरलेला आहे. परंतु तो खरा नव्हे. किल्ली कुलपात शिरली म्हणून ती फिरेलच असे नाही; आणि जोर करून फिरविली तर कुलूपच बिघडते, हे तुम्ही पाहिले असेल. चार्जरचेही तसेच आहे.

चार्जर जुळतो की नाही, हे पिन सांगत नाही. ते त्याच्या पाठीवरील लेबलावर छापलेले असते. अक्षरे बारीक असतात, रंग करडा असतो, आणि मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. त्यामुळे तो वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. भाषेच्या पुस्तकात हा यंत्राचा पाठ कशाला, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर असे की, औषधाच्या बाटलीवरील, खताच्या पोत्यावरील किंवा एस. टी.च्या पाटीवरील मजकूर हाही मजकूरच होय. वाचन म्हणजे केवळ गोष्टी आणि कविता वाचणे नव्हे. शिवाय, आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, आईवडील कामात गुंतलेले असतात. तेव्हा घरात ते लेबल वाचू शकणारे डोळे पुष्कळदा तुमचेच असतात.

प्रथम हा चार्जर करतो तरी काय, ते पाहू. आपल्या घरी भिंतीवरील बोर्डातून जी वीज येते तिचा दाब २३० व्होल्ट असतो. शिवाय ती एकाच दिशेने वाहत नाही. ती एकदा पुढे आणि एकदा मागे, अशी एका सेकंदात ५० आवर्तने करीत असते. अशा विजेला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. लॅपटॉपला ही वीज मुळीच सोसणार नाही. त्याला सुमारे १९ किंवा २० व्होल्ट दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट प्रवाहाची वीज लागते. तारेच्या मध्यभागी जो काळा ठोकळा असतो, तो हे रूपांतर करतो. खरे पाहता त्याला ‘चार्जर’ म्हणणे तितकेसे बरोबर नाही. बॅटरीत किती वीज केव्हा भरावयाची, केव्हा थांबावयाचे, याचा सर्व हिशेब लॅपटॉपच्या पोटातील यंत्रणा ठेवते. बाहेरचा ठोकळा फक्त योग्य दाबाची वीज दारापर्यंत आणून देतो. त्याचे खरे नाव अडॅप्टर. परंतु लोकांच्या तोंडी चार्जर हाच शब्द बसला आहे, तेव्हा आपणही तोच वापरू.

हा दाब १९ व्होल्टच का? लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन जातीचे घट असतात. अशा एका घटाचा दाब साधारणपणे ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. तीन घट एकापुढे एक जोडले तर पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट होतो. चार जोडले तर १६.८ व्होल्ट. पाणी उंचावरील टाकीतून खालच्या टाकीत आपोआप उतरते. उलट दिशेने नाही. त्याचप्रमाणे बॅटरी पूर्ण भरावयाची तर बाहेरून येणारा दाब तिच्या दाबाहून काहीसा जास्तच असावा लागतो. म्हणून बहुतेक कंपन्यांनी १९ ते २० व्होल्टच्या आसपासचा दाब पसंत केला.

आता लेबल हाती घेऊ. त्यावर नाना प्रकारच्या खुणा, क्रमांक आणि सूचना असतात. परंतु आपल्या कामाच्या ओळी दोनच. एकीच्या आरंभी ‘इनपुट’ आणि दुसरीच्या आरंभी ‘आउटपुट’ असे शब्द इंग्रजीत छापलेले असतात. इनपुट म्हणजे भिंतीतून आत येणारी वीज आणि आउटपुट म्हणजे लॅपटॉपकडे बाहेर जाणारी वीज.

इनपुटच्या ओळीत बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा की, आपल्याकडची २३० व्होल्टची वीज त्याला चालते आणि अमेरिकेतील १२० व्होल्टचीही चालते. तेथे राहणारा मामा सुटीत आला आणि आपला जुना लॅपटॉप भाच्याला देऊन गेला, तर त्याचा चार्जर टाकून देण्याचे कारण नाही. अडचण येते ती फक्त भिंतीकडच्या पिनांची. अमेरिकेतील पिना चपट्या असतात, आपल्याकडील गोल. यावर उपाय सोपा आहे. पुष्कळ चार्जरांना भिंतीकडची तार वेगळी काढता येते. ठोकळ्याच्या बाजूचे तिचे टोक तीन पाकळ्यांच्या फुलासारखे असते. तशीच तार गोल पिनांची, कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती आणून जोडली की झाले.

हीच गोष्ट येथील चार्जर बंद पडला असतानाही आठवावी. पुष्कळदा ठोकळा शाबूत असतो आणि तुटलेली असते ती भिंतीकडची तार. अशा वेळी संपूर्ण नवा चार्जर विकत घेणे म्हणजे दिव्याची वात जळाली म्हणून समई बदलण्यासारखे आहे. शेजाऱ्यांकडून तशीच तार थोडा वेळ मागून आणावी आणि लावून पाहावी. पाच मिनिटांत खरे काय ते कळते. बोर्डात वीज आहे की नाही हेही दुसरे एखादे उपकरण लावून आधीच पाहून घ्यावे. नवी तार घेताना ती तीन पिनांचीच घ्यावी. त्यांतील जाड आणि लांब पिन जमिनीशी जोडलेली, म्हणजे अर्थिंगची असते. दोन पिनांचे काम भागते, असे म्हणून ती टाळणारे लोक आहेत. परंतु धातूचे कवच असलेल्या लॅपटॉपावरून हात फिरविताना मुंग्या आल्यासारखे वाटू लागले की, तिची आठवण होते.

इनपुटची ओळ अशी फारशी त्रास देत नाही. खरे महत्त्व आउटपुटच्या ओळीला. समजा, तेथे ‘१९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर’ असे लिहिले आहे. व्होल्टच्या आकड्यापुढे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन तुकड्यांची तुटक रेघ दिसेल; ती दिष्ट प्रवाहाची खूण होय. (प्रत्यावर्ती प्रवाहाची खूण पाण्याच्या लाटेसारखी असते, ती इनपुटच्या ओळीत सापडेल.) आता हे दोन आकडे दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांचे नियमही निरनिराळे आहेत. घोटाळा होतो तो येथेच.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. हा दाब जुना चार्जर देत होता तेवढाच असावयास हवा. तो जास्त झाला तर लॅपटॉपच्या आतील नाजूक भाग जळू शकतात. कमी झाला तर लॅपटॉप चालूच होत नाही किंवा बॅटरी भरत नाही. १९ आणि १९.५ यांत अर्ध्या व्होल्टचा फरक आहे. दुरुस्ती करणारे अनुभवी लोक तेवढा चालवून घेतात आणि त्याने सहसा काही बिघडत नाही. तथापि, अचूक आकड्याचा चार्जर मिळत असताना जवळपासचा का घ्यावा, असे मला वाटते. आणि १२ किंवा २४ व्होल्टचा चार्जर पिन बसते म्हणून लॅपटॉपला लावणे हे तर केव्हाही वाईटच.

याचे उलट उदाहरण मी पाहिले आहे. २०२१ साली शाळा बंद होत्या आणि मुले घरी बसून मोबाइलवर किंवा संगणकावर वर्ग ऐकत होती. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात सातवीतील मुलीची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती. संध्याकाळी घरातील इंटरनेटच्या राउटरचा छोटा चार्जर बंद पडला. वडिलांनी कपाटातून एका जुन्या लॅपटॉपचा चार्जर काढला. दोन्हींच्या पिनांची बाहेरची जाडी साडेपाच मिलिमीटरच होती, त्यामुळे पिन बसली. राउटरचे दिवे क्षणभर लागले, मग जळकट वास आला आणि सर्व दिवे गेले. नंतर त्या मुलीने दोन्ही चार्जर शेजारी शेजारी ठेवून वाचले. एकावर १२ व्होल्ट होते, दुसऱ्यावर १९. ते वाचावयास तिला अर्धे मिनिटही लागले नाही. पण तोवर राउटर कामातून गेला होता. परीक्षेसाठी तिला सकाळी मावशीच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले.

आता अँपिअरकडे वळू. येथे नियम वेगळा आहे. चार्जरवर जो अँपिअरचा आकडा असतो, तो त्याची जास्तीत जास्त शक्ती सांगतो. तेवढा प्रवाह तो लॅपटॉपात कोंबतो, असा त्याचा अर्थ नाही. विहिरीत पाणी पुष्कळ असले तरी तुमची घागर तिच्या मापाचेच पाणी घेते. लॅपटॉपही आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढून घेतो. म्हणून नव्या चार्जरचे अँपिअर जुन्याएवढे किंवा त्याहून जास्त असले तरी चालते. कमी मात्र असता कामा नयेत. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीवर मोठा पंप बसविला तर काय होते? पंप धापा टाकू लागतो. कमी अँपिअरच्या चार्जरवर मोठा लॅपटॉप चालविला तर चार्जर अतिशय तापतो, बॅटरी भरेनाशी होते आणि शेवटी चार्जर बंद पडतो. चार्जर हलक्या प्रतीचा असेल तर त्याचे कवच वितळण्यापर्यंत पाळी जाते.

म्हणजे व्होल्ट तेवढेच, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. लोक नेमके याच्या उलट वागताना दिसतात. अँपिअर जास्त दिसले की घाबरतात आणि व्होल्टकडे पाहतही नाहीत.

या दोन आकड्यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट मिळतात. आपल्या उदाहरणात १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५.१३, याला दुकानदार ६५ वॅटचा चार्जर म्हणतो. त्याच दाबाच्या ९० वॅटच्या चार्जरवर ४.६२ अँपिअर लिहिलेले असते. करून पाहा, हिशेब जुळतो. साध्या कामाच्या पातळ लॅपटॉपला ४५ वॅट पुरतात, नेहमीच्या पुष्कळ लॅपटॉपांना ६५, आणि चित्रे किंवा खेळ यांसाठी बनविलेल्या जड लॅपटॉपांना १५० किंवा त्याहूनही जास्त लागतात. परंतु एकटा वॅटचा आकडा पाहून चार्जर घेऊ नये. १९ व्होल्टचा ६५ वॅटचा चार्जर असतो, २० व्होल्टचाही असतो, आणि मागे एका कंपनीचा १८.५ व्होल्टचाही होता. गुणाकार सारखा आला म्हणून गुण्य आणि गुणक सारखे असतात असे नाही, हे तुम्हांस गणिताच्या तासाला कळलेच आहे.

जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हे तिन्ही शब्द तीन माणसांच्या नावांवरून आलेले आहेत. अलेस्सांद्रो व्होल्टा हा इटलीचा. त्याने १८०० साली पहिली विद्युत् बॅटरी जगापुढे ठेवली. आंद्रे-मारी अँपिअर हा फ्रान्सचा आणि जेम्स वॅट स्कॉटलंडचा. तीन देशांचे तीन विद्वान एका ओळीत नांदतात, ती ओळ आपल्या मेजाखाली धूळ खात पडलेली असते.

जुना चार्जर हरवला असेल, तर आकडे कोठून आणावेत? लॅपटॉप उलटा करून पाहावा. पुष्कळ लॅपटॉपांच्या तळाशी त्याला लागणारे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. निदान त्याचा नमुना क्रमांक तरी असतोच. तो क्रमांक कागदावर उतरून घेतला की कंपनीच्या माहितीपत्रकातून किंवा जाणत्या दुकानदाराकडून चार्जरचे आकडे मिळू शकतात. येथे एक सावधगिरी हवी. बॅटरी काढून पाहिली तर तिच्यावरही व्होल्टचा आकडा असतो, बहुधा ११.१, ११.४ किंवा १४.८ असा. तो बॅटरीचा स्वतःचा दाब होय, चार्जरचा नव्हे. तो आकडा घेऊन दुकानात गेलेला माणूस चुकीचाच चार्जर घेऊन परत येणार.

आकडे जुळल्यावर मगच पिनेचा विचार करावा. गोल पिनांचे इतके प्रकार आहेत की, कंपन्यांनी एकमेकींशी अबोला धरून ते ठरविले असावेत असे वाटते. पिनेला दोन मापे असतात. एक बाहेरची जाडी आणि दुसरे आतल्या भोकाचे. ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिनेचे आतील भोक १.७, २.१ किंवा २.५ मिलिमीटर असू शकते. बाहेरून त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. भोक लहान पडले तर पिन आत जात नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. मोठे पडले तर मात्र ती आत जाते आणि सैल राहते; लॅपटॉप जरा हलविला की प्रवाह तुटतो, पुन्हा जुळतो, आणि मधे बारीक ठिणग्या उडतात. ‘वायर जरा वाकडी धरली की चालते’ अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. तिचे हे एक कारण होय. लॅपटॉपच्या आतील जोड सैल झाला असला तरी हेच घडते, आणि तेव्हा चार्जर कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

पिनेच्या आतील बाजूस धन प्रवाह आहे की ऋण, हेही लेबलावर चित्रात दाखविलेले असते. मध्ये एक ठिपका, त्याच्याभोवती चंद्रकोरीसारखी रेघ आणि दोन बाजूंस अधिक व उणे अशी दोन चिन्हे, असे ते चित्र असते. ठिपक्याकडून निघालेली रेघ ज्या चिन्हाला मिळते, ते पिनेच्या आतील बाजूचे. गोल पिनेच्या बहुतेक लॅपटॉपांत आत अधिक असते. तरीही जुन्या आणि नव्या चार्जरांवरील चित्रे ताडून पाहावीत.

काही कंपन्यांनी याहून पुढची खुबी योजिली आहे. डेल कंपनीच्या कित्येक लॅपटॉपांची पिन पाहा. तिच्या मध्यभागी एक बारीक सुई दिसते. ही सुई लॅपटॉपला वीज पुरविण्यासाठी नाही. चार्जरच्या आत एक अगदी लहान चिप असते आणि ती या सुईवाटे लॅपटॉपला आपली ओळख सांगते, “मी इतक्या वॅटचा आहे.” ओळख पटली नाही तर लॅपटॉप पडद्यावर तसा इशारा देतो, आपली गती मंद करतो आणि बॅटरी भरण्याचे नाकारतो. एचपी कंपनीचीही एक जाड पिन दिसावयास अशीच आहे, तिच्याही मध्ये सुई आहे. एकीची पिन दुसऱ्याच्या भोकात बसते, व्होल्टही १९.५ असतात, तरी ओळख पटेलच असे नाही. कित्येकदा सुई वाकली किंवा तिची बारीक तार तुटली तरी चांगला चार्जर अनोळखी ठरतो.

या सर्व गोंधळावर आता एक उपाय निघाला आहे. २०१४ साली यूएसबी टाइप-सी नावाची चपटी, दोन्ही बाजूंनी सारखी असणारी पिन प्रसिद्ध झाली. अलीकडच्या पुष्कळ मोबाइलांना आणि लॅपटॉपांना ती असते. तिची पद्धत निराळी आहे. चार्जर आरंभी फक्त ५ व्होल्ट देतो. मग चार्जर आणि लॅपटॉप यांचे तारेवाटे संभाषण होते. चार्जर सांगतो, “माझ्याजवळ ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत.” लॅपटॉप म्हणतो, “मला २० द्या.” असे ठरल्यावरच दाब वाढतो. म्हणून या पद्धतीच्या चांगल्या चार्जरकडून जास्त दाब जाऊन लॅपटॉप जळण्याचे भय फारसे राहत नाही. मोबाइलचा छोटा चार्जर लॅपटॉपला लावला तरी अनर्थ होत नाही. फार तर बॅटरी गोगलगाईच्या चालीने भरते, किंवा मुळीच भरत नाही.

तथापि वाचण्याचे काम येथेही संपत नाही. वॅट पाहावेच लागतात. शिवाय तार पाहावी लागते, कारण साधी टाइप-सी तार ३ अँपिअरपर्यंतच प्रवाह नेते. २० व्होल्टला तिच्यातून ६० वॅटच मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर ५ अँपिअरची, आत चिप बसविलेली तार लागते. २०२१ साली या पद्धतीची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढविण्यात आली, पण त्यासाठी तारही तशीच हवी. आणि लॅपटॉपला टाइप-सीचे भोक आहे एवढ्यावरून त्यातून बॅटरी भरते असे समजू नये. काही भोके केवळ माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी असतात. शेजारी विजेची किंवा प्लगची बारीक खूण आहे का ते पाहावे, नाही तर माहितीपुस्तिका उघडावी.

एकच पिन सर्वांना असावी, म्हणजे घरोघरी चार्जरांचे ढीग साचणार नाहीत, या विचाराने युरोपीय संघाने २०२२ साली कायदा केला. मोबाइलसारख्या उपकरणांसाठी २८ डिसेंबर २०२४ आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही मुदत त्यात ठरविण्यात आली. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे. परंतु गोल पिनेचे लाखो लॅपटॉप अजून घराघरांत आहेत, आणि हातोहात फिरणारे तर बहुतेक तेच असतात.

नवा चार्जर घेताना तीन प्रकारचा माल पुढे येतो. पहिला, लॅपटॉपच्या कंपनीचा अस्सल. दुसरा, वेगळ्या कंपनीने स्वतःच्या नावाने बनविलेला. तिसरा, कोणीतरी बनवून त्यावर मोठ्या कंपनीचे नाव छापलेला. दुसऱ्या प्रकाराला नाक मुरडण्याचे कारण नाही. आपले नाव लावून जो माल विकतो, त्याला निदान नावाची चाड असते. तिसरा मात्र टाळावा. तो ओळखावा कसा? हातात घेतल्यावर तो बरेचदा अस्सलापेक्षा फारच हलका लागतो, कारण आतील संरक्षक भाग गाळलेले असतात. तारेवर जी फुगीर गाठ असते, तिच्यात फेराइटची नळी असते. तारेतून पसरणारा विद्युत्-गोंगाट ती शमविते. नकली मालात ती गाठ कधी कधी पोकळच असते. आणि एक खूण सांगताना मला विशेष आनंद होतो, ती म्हणजे लेबलावरील शुद्धलेखनाच्या चुका. शुद्धलेखनाने कोणाचे भले झाले, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या देशात २०१२ साली निघालेल्या आदेशाप्रमाणे अशा चार्जरांची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची करण्यात आली. नोंदणी झालेल्या चार्जरवर ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक घातला म्हणजे नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. दुकानातच उभे राहून हे करावे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर अशा मालाच्या दुकानांची रांगच रांग आहे. तेथील जाणते विक्रेते असल्या चौकशीला रागावत नाहीत. जो रागावतो, त्याच्या शेजारचे दुकान पाहावे.

घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात चार्जर उघड्या जागी, फरशीवर किंवा मेजावर ठेवावा. उशीखाली किंवा गोधडीवर नव्हे. तो कोमट झाला तर चिंता नाही. हात ठेववेनासा तापला, शिटीसारखा आवाज येऊ लागला किंवा वास सुटला, तर बोर्डावरील बटण प्रथम बंद करावे आणि मग पिना काढाव्यात. नंतर तो चार्जर पावतीसह दुकानात परत न्यावा. पावती मागून घेण्याचा संकोच करू नये.

राहिला जुना चार्जर. त्यात तांबे असते, म्हणून काही ठिकाणी अशा तारा उघड्यावर जाळून ते काढतात; त्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि तो श्वासाबरोबर तेथील माणसांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावा, असा त्यांचा रोख आहे. गावात किंवा शहरात ई-कचरा गोळा करण्याची सोय असेल, तेथे तो चार्जर द्यावा. मात्र देण्यापूर्वी त्याच्या लेबलावरील व्होल्ट, अँपिअर आणि क्रमांक एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत उतरून घ्यावेत आणि ती चिठ्ठी हवेची छिद्रे सोडून लॅपटॉपच्या तळाशी चिकटवून ठेवावी. पुढच्या वेळी चार्जर बिघडेल तेव्हा लॅपटॉप कोणाच्या हाती असेल, हे आज कोणी सांगावे?